शर्यतीतली खाट

नंबर घ्यायला मी टेबलासमोर उभी राहिले, तेव्हा तिथल्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "मेडिकल टीम तिकडं, ताई. त्या तंबूत." मी नर्स आहे हे खरं. धानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात माझी वीस वर्षं गेली. पण त्या दिवशी माझ्या हातात लसींचा डबा नव्हता. अंगात ट्रॅक पँट होती आणि मनगटावर सायकलचं हेल्मेट अडकवलेलं होतं. इतकं असूनही त्या माणसाला मी स्पर्धक दिसले नाही. यादीत माझं नाव बघा म्हटलं, तर त्यानं यादी दोनदा वरखाली केली. शेवटी सापडल्यावर तो हसून म्हणाला, अरे वा, लोकल. ते 'लोकल' माझ्या डोक्यात गेलं. तो शंभर मैलांवरून माझ्या दाराशी आला होता, आणि कौतुक माझंच करत होता, मी इथली असल्याचं.

संध्याकाळी सूचनांची सभा झाली. तिथं आणखी ऐकून घ्यावं लागलं. भाषण करणारे म्हणाले की या मागास, भीतीच्या छायेतल्या जिल्ह्याची ओळख आपण बदलणार आहोत. समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून विचारावंसं वाटत होतं की बाबा, एका रविवारी पोहून, सायकल चालवून आणि धावून नेमकी कशी बदलणार आहात?  नंतर त्यांनी नियम सांगितले. बाहेरच्या कुणाकडून पाणी, खाणं, कसलीही मदत घ्यायची नाही. कुणाला सोबत धावू द्यायचं नाही. नंबर झाकायचा नाही. यातलं काहीही केलं तर बाद. हे मी नीट ऐकलं होतं, हे आधीच कबूल करते.

शर्यत अशी होती. तलावात दोन किलोमीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि सायकल ठेवली की एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. सकाळी सातला सुरुवात, म्हणजे दुपारी साडेतीनच्या आत शेवटची कमान ओलांडायची. एक मिनिट उशीर झाला तरी नाव यादीत येणार नाही. मला ती यादी हवी होती. पहिली यायचं खूळ मला नव्हतं. मला जन्मभर लोकांनी हुद्द्यानं हाक मारली आहे. कुणासाठी नर्सबाई, कुणासाठी सिस्टर, आगारातल्या लोकांसाठी मेकॅनिकची बायको. एकदा तरी कागदावर नुसतं माझं नाव असावं आणि त्याच्यापुढं माझी वेळ, एवढीच हाव होती. चाळिशी उलटलेल्या बाईनं असली हाव धरावी का, हे मी कुणाला विचारलं नाही.

तयारी दीड वर्षाची. एका पावसाळ्यात स्कूटी नाल्यात बंद पडली ती पडलीच, तेव्हा मी सायकलवरून गावं करायला लागले. नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे, त्यानं सायकलीचे एकेक भाग बदलून तिला अशी हलकी करून दिली की मला परत स्कूटीची आठवण झाली नाही. पोहायला मी लहानपणी वैनगंगेत शिकले. गावच्या विहिरीत आमच्या वस्तीतल्या पोरांना उडी मारू देत नसत, म्हणून आम्ही नदी गाठली. त्यांनी विहीर जपली आणि आम्हाला वाहत्या पाण्यात पोहता यायला लागलं. धावणं तेवढं नवीन होतं. ते मी पहाटे करायचे, गावापासून लांब, फॉरेस्टच्या नाक्यापलीकडं, कुणी बघणार नाही अशा रस्त्यावर.

कुणी बघू नये हे मात्र माझंच होतं. माझ्या गावांमधल्या कुणालाही मी या शर्यतीबद्दल सांगितलं नाही. ऑफिसात रजेच्या अर्जावर घरगुती काम लिहिलं. ज्या बायकांना मी अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्या देते, दोन वेळा जेवा म्हणून ओरडते, त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की मी रविवारी विनाकारण एकवीस किलोमीटर धावणार आहे, तेही पैलवानासारखे अंगाला चिकटलेले कपडे घालून? त्या हसतील असं वाटलं. हसल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला फार उशिरा सुचला. दोन दिवस आधी मार्ग कळला, तेव्हा धावण्याचा रस्ता माझ्याच उपकेंद्राखालच्या एका गावावरून जात होता. तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना एक फोन करायचा होता. मी केला नाही.

शर्यत खरं तर जानेवारीत होती. परवानग्या मिळाल्या नाहीत म्हणे, म्हणून मार्चवर ढकलली. मार्चमध्ये इथं दुपारी काय होतं हे इथल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं, पण विचारणार कोण? पाणी सकाळी छान गार होतं. तलावात कमळाचे देठ पायाला लागत होते, शहरातली मंडळी त्यांना घाबरून मधेच थांबत होती, आणि मी त्यांच्या बाजूनं पुढं गेले. ती दहा मिनिटं मी फार खूश होते, लपवत नाही. सायकलवर त्यातल्या बहुतेकांनी मला मागं टाकलं. त्यांच्या सायकली सूं करत जायच्या. तरीही साडेबाराच्या आत मी नव्वद किलोमीटर संपवले आणि बूट बदलून धावायला निघाले. हातात तीन तास होते. एकवीस किलोमीटरला माझ्या चालीनं जवळजवळ तेवढे लागतातच, हाताशी फार मिनिटं उरत नव्हती.

पाच किलोमीटरवर पाण्याचं टेबल होतं. म्हणजे टेबल होतं, पाणी नव्हतं. पिंप आडवं पडलेलं, खाली चुरगळलेले कागदी पेले, आणि माणूस कुणी नाही. पुढच्यांनी पिऊन, डोक्यावर ओतून संपवलं होतं, आणि मागं अजून माणसं आहेत हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी तिथं उभी राहून शिव्या दिल्या. शिव्या ऐकायला एक कुत्रं होतं. माझ्याकडच्या बाटलीत दोन घोट राहिले होते, ते घेतले आणि पुढं निघाले. नियमाप्रमाणं त्यांनी पाणी द्यायचं होतं, आणि नियमाप्रमाणं दुसऱ्याकडून मी घ्यायचं नव्हतं. दुसरा नियम त्यांना पाठ होता.

गाव आठव्या किलोमीटरवर. त्याच्या अलीकडं मी कमरेला गुंडाळलेला सुती दुपट्टा सोडला आणि डोक्यावरून, छातीवरून नीट घेतला, उन्हात आपल्याकडं सगळ्याच बायका घेतात तसा. ऊन होतंच, पण मी तो उन्हासाठी घेतला नाही. त्या चिकट कपड्यांत मला गावानं बघू नये म्हणून घेतला. त्याखाली माझा नंबर झाकला गेला. मला ते कळत होतं.

गावानं सकाळपासून ती धावणारी माणसं बघितली होती. पोलीस भरतीची पोरं धावतात, तशी ही साहेब लोकांची दौड असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. शेवटचा धावणारा जाऊन अर्धा तास झाला होता. आणि मग त्याच रस्त्यानं त्यांची नर्सबाई आली, डोक्यावर दुपट्टा, तोंड लाल, धापा टाकत. त्या गावानं मला धावताना पूर्वी दोनदाच बघितलं आहे, दोन्ही वेळा बाळंतपणं अडली होती आणि गाडी नाल्यापलीकडं थांबली होती. नर्सबाई धावते म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मोहाच्या सावलीत बायका सकाळी वेचलेली फुलं पसरत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी उठून रस्त्यावर आली. ही त्या गावची सुईण. माझ्या आधी तिथली सगळी बाळंतपणं तिनंच केली, आणि मी आल्यावर पहिली दोन वर्षं माझ्याशी भांडून मग माझा हात धरला. ती सगळ्यांना एकेरीच बोलते. तिच्या हातात आंबिलीनं भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा होता. तो तिनं माझ्या तोंडाला लावला आणि विचारलं, "कोनाच्या घरी, बाई?"

मी आंबील प्याले, सगळा तुंबा. बाद व्हायचं कारण तिथंच घडलं होतं, आणि त्याची मला आजही लाज नाही. ज्यांनी पाणी ठेवलं नाही त्यांनी लाजावं. लाज आहे ती पुढच्या गोष्टीची. कुणाच्याच घरी नाही, मी शर्यतीत आहे, एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? पण घड्याळ पळत होतं, आणि सावलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं काळजीनं बघत होत्या. त्या काळजीसमोर 'शर्यत' हा शब्द तोंडातून निघेना.

"पुढच्या गावाले," मी म्हटलं आणि धावत सुटले.

थोडं पुढं गेल्यावर मागून पावलं ऐकू आली. वळून बघते तर चार माणसं खाट घेऊन येत होती. आमच्याकडं गाडी पोचत नाही तिथं रोगी खाटेवर येतो. बांबूला दोरानं खाट टांगायची, दोघांनी पुढं, दोघांनी मागं खांदा द्यायचा. नर्सबाई धावली की कुणी सांगावं लागत नाही, खाट निघतेच. त्या चौघांपैकी एकाची बायको मी याच खाटेवरून आणली होती. ते अनवाणी होते आणि माझ्यापेक्षा हलके धावत होते. मी हातानं परत जा म्हणून खूण केली. त्यांना वाटलं, मी लवकर चला म्हणते आहे. त्यांनी वेग वाढवला.

अडीच किलोमीटर ते असे माझ्यासोबत आले. एकानं मध्येच विचारलं, बाई, पाणी गेलं का तिचं? मी मान हलवली. खोटं एकदा बोललं की पुढचं मानेनंही बोलता येतं. मला त्यांचा राग आला होता, हे लिहायला हात कचरतो, पण आला होता. मला वाटत होतं, कशाला आले हे, आता माझं नाव जाणार.

साडेदहा किलोमीटरवर वळण होतं. रस्त्याच्या मधे केशरी शंकू ठेवलेला, बाजूला छत्रीखाली एक स्वयंसेवक. पुढचं गाव तिथून आणखी दीड कोसावर. मला त्या शंकूला वळसा घालून परत फिरायचं होतं. मी वळसा घातला. समोर खाट घेऊन चौघं उभे, आणि त्यांना कळेना की बाई माघारी का आल्या. मग मी तिसऱ्यांदा खोटं बोलले. त्या छत्रीवाल्याकडं निरोप आला, म्हटलं, गाडीनं नेलं तिला. चौघांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांना बरं वाटलं. त्यांनी खाट खाली ठेवली, घाम पुसला, आणि त्यातला मोठा मला म्हणाला, "बसा बाई, तुमाले नेतो आमी. तुमची हालत खराब दिसून राह्यली."

तेवढ्यात मोटारसायकलवर पंच आले. पाणी आणायला त्यांच्याकडं गाडी नव्हती, नियम आणायला होती. त्यांनी आधी खाटेचा फोटो काढला, मग माझा, मग दोघांचा मिळून. दुपट्टा बाजूला करायला लावून माझा नंबर उतरवला. ही तुमची माणसं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेवटी आल्यावर बोलते, आणि त्या चौघांना तिथंच सोडून धावत सुटले. जाताना त्यांना एक शब्द बोलले नाही. परतीच्या वाटेवर सुईण अजून रस्त्यातच उभी होती. तिनं तुंबा पुढं केला. मी हात हलवून पुढं गेले.

कमान ओलांडली तेव्हा साडेतीनला अकरा मिनिटं बाकी होती. नवरा धावत आला, त्याचे डोळे भरले होते. माझे भरले नाहीत, मला टेबलाकडं बोलावलं होतं. तिथं दुसरेच कुणी साहेब होते, बोलायला गोड. ते म्हणाले, ताई, मदतनीस घेऊन धावलात असं पंचांनी लिहिलंय, बाद करावं लागेल. मी चिडले. पाच किलोमीटरच्या रिकाम्या पिंपाचं सांगितलं, मार्चच्या उन्हाचं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. ती माणसं अनोळखी होती, आपणहून मागं आली, त्यांच्याशी माझा काही संबंध नाही, एवढं लिहून द्या, म्हणाले, म्हणजे प्रश्न मिटला. तुमच्या भल्याचंच सांगतोय.

रजिस्टरमध्ये खोटं लिहिणाऱ्या माणसांवर मी वीस वर्षं ओरडत आले आहे. न गेलेल्या घरी गेले म्हणून लिहिणारे, न दिलेली गोळी दिली म्हणून लिहिणारे. मी त्यांना तोंडावर बोलले आहे. त्या कागदावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं की सदर इसम माझ्या ओळखीचे नाहीत. खाली सही केली. साहेबांनी माझ्या गळ्यात पदक घातलं.

आठवड्यानं त्यांनी मोबाइलवर शर्यतीचे फोटो टाकले. त्यात ती खाटही होती. खाली लिहिलं होतं, आदिवासी बांधवांचा उत्स्फूर्त पाठिंबा. ज्या खाटेसाठी मला बाद करत होते, तिचीच जाहिरात केली होती. मी फोन आपटायचा तेवढा ठेवला. नवऱ्याला म्हटलं, बघ या लोकांना लाज आहे का. तो फोटोकडं बघत राहिला आणि म्हणाला, यातला डावीकडचा तो ना, ज्याच्या घरी आपण जेवलो होतो? मी फोन काढून घेतला.

माझं नाव यादीत आलं. त्याच्यापुढं वेळही आली. ती यादी मी एकदाच बघितली.

लसीकरणाच्या दिवशी त्या गावात गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर डबा ठेवला, रजिस्टर उघडलं. सुईण नातवंडाला घेऊन सगळ्यांच्या आधी आली. पोराला टोचून झालं, ते रडलं, तिनं त्याला थोपटलं, आणि मग माझ्याजवळ टेकून बसली. पदराची गाठ सोडून तिनं चार अंडी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. बाळंतिणीला दे म्हणाली, तुझं जाणं होत असेल तिकडं. मग विचारलं, "पोरगा झाला का पोरगी?"

मला वाटलं, बोलावं काहीतरी, पोरगी म्हणावं आणि मोकळं व्हावं. जीभ तयार होती. पण अंडी समोर होती, आणि खाट उचलणाऱ्यांपैकी एक जण दारात आपली मुलगी घेऊन रांगेत उभा होता. मी सांगितलं. कुणी अडलेलं नव्हतं, मी त्या दौडीत होते, तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून खोटं बोलले. त्या कागदाचंही सांगितलं. तुम्हाला ओळखत नाही असं लिहून दिलं, म्हटलं. सांगताना मी त्या आयोजकांना, त्या पंचाला, त्या रिकाम्या पिंपाला पुन्हा शिव्या दिल्या, म्हणजे माझा वाटा जरा कमी दिसावा.

कुणी हसलं नाही. दारातला माणूस मुलीचे केस नीट करत राहिला. सुईणीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ती भांडेल, पहिल्या दोन वर्षांत भांडायची तशी. तिला त्या कागदाचं काही नव्हतं. ती वेगळ्याच गोष्टीचा हिशेब लावत होती, आणि तो लागत नव्हता. थोड्या वेळानं तिनं खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं,

"मंग आता तू धावशीन, तं आमी खाट आनावी का नाई?"

मी आणा म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं अंडी परत घेतली नाहीत, पण हो म्हणालीही नाही. नातवाला कडेवर घेऊन ती दारातल्या माणसाकडं बघायला लागली, आणि तो मुलीचे केस पुन्हा नीट करायला लागला.